एकशे अठरा नंबरचा रिकामा खाना

आदरणीय दादांना,

दोन वर्षं दोन महिने तोंड न दाखवलेल्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे पूर्ण वाकवत नाही. अर्धा नमस्कार इथून पोचला असं समजा, उरलेला भेटीत.) तुमची तब्येत कशी आहे, वहिनींची कंबर काय म्हणते, आणि दुकानाच्या पायरीवर बसणारी ती एका कानाची मांजर अजून गिऱ्हाइकांवर फिसकारते का, हे सगळं कळवावं. इकडे मी ठीक आहे. ठीक म्हणजे दोन वेळा जेवतो, एकदा कॅन्टीनचं आणि एकदा स्वतःच्या हातचं, आणि इतकी वर्षं त्या कॅन्टीनवाल्याला आपण उगाच नावं ठेवत होतो हे रोज रात्री पटतं.

हे पाकीट हातात पडल्यावर तुम्ही आधी अक्षर ओळखाल, मग कपाळाला आठ्या घालाल, आणि मग ते शिलाई मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारायचा विचार कराल. खुशाल सारा, पण आधी वाचा. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही 'हं' म्हणता, मी 'बरं' म्हणतो, आणि तिसऱ्या 'हं'ला तुमच्याकडे नेमकं गिऱ्हाईक येतं. माझं तुमच्याकडे एकच काम आहे, की तुम्ही एक दिवस इकडे यावं. कशासाठी ते शेवटी लिहितो, कारण आधी लिहिलं तर तुम्ही येणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. तूर्त असं धरून चाला की कोटासाठी. तुम्ही शिवून दिलेल्या माझ्या लॅबच्या पांढऱ्या कोटाचं (ज्याचा खिसा तुम्ही चुकून उजवीकडे लावलात आणि वर 'हल्ली असाच लावतात' असं ठोकून दिलंत) मधलं बटण गेलं आहे. कोट आहे चांगला. पण दुसऱ्या कुणा टेलरकडे न्यायला मन होत नाही.

आता लॅबमध्ये काय गोंधळ झाला तो सांगतो. माझं काम तुम्हाला माहीतच आहे. लोकांची नस शोधायची, रक्त काढायचं, नळीत भरायचं, नंबर चिकटवायचा. मला तिथे सगळे 'डास' म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि मॅडमसुद्धा एकदा मीटिंगमध्ये 'आमचे श्री. डास' म्हणून गेल्या. या मॅडमनी सहा महिन्यांपूर्वी नवी तपासणी करून बघायला घेतली. तिच्यात सोनं वापरतात. खरं सोनं, पण इतकं बारीक की एका केसाच्या जाडीत त्याचे हजारो कण मावतील. एवढं बारीक झालं की सोनं पिवळं राहत नाही, पाण्यात सोडलं तर लाल दिसतं. (मलाही खरं वाटलं नव्हतं.) त्या कणांवर असं काही चिकटवलेलं असतं की रक्तातला लाल भाग काढून उरलेल्या पिवळट पाण्यात सोडल्यावर ते एकाच गोष्टीला धरतात. यकृतात कर्करोग मूळ धरू लागला की त्याच्या पेशी बारीकसारीक तुकडे रक्तात टाकत राहतात, त्या तुकड्यांना. तुकडा सापडला की सगळे कण त्याच्याभोवती गोळा होतात, आणि गोळा झाले की लालचं निळं होतं. लाल राहिलं तर माणूस घरी, निळं झालं तर माणूस डॉक्टरकडे. याला नॅनो तंत्रज्ञान म्हणतात. सोनोग्राफीत गाठ दिसण्याच्या आधी, पोट दुखण्याच्या आधी, डोळे पिवळे होण्याच्या आधी कळावं, एवढाच त्याचा खटाटोप. (हे 'आधी, आधी, आधी' लिहिताना पेन थोडा वेळ खाली ठेवलं होतं. आता परत उचललं आहे.)

ही सोन्याची गोष्ट मी शेजारच्या काकूंना सांगितली ती चूक झाली. दुसऱ्या दिवशी त्या बोटातली अंगठी घेऊन दारात हजर, लॅबमध्ये तेवढी खरी की खोटी बघून द्या म्हणून. त्यांना मी नॅनो समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, म्हणजे तुमच्याकडचं सोनं डोळ्यांना दिसत नाही, आणि तरी ते आहे असं मॅडम सांगतात, आणि तुम्ही ऐकता. तेव्हापासून त्या माझ्याकडे फार कणवेने बघतात.

तर नवी तपासणी खरी की खोटी हे ठरवायला जुनं रक्त लागतं. आमच्या मोठ्या फ्रीझरमध्ये वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेल्या नळ्या आहेत. काही आजारी माणसांच्या, काही निरोगी माणसांच्या. आजारी माणसं आपल्या पायांनी येतात, निरोगी कुठून आणायची? कुणाला पडलंय सुखासुखी सुई टोचून घ्यायचं. म्हणून आमच्याकडे पूर्वापार पद्धत अशी की निरोगींचा खोका भरला नाही की कामगारांनी आपापल्या घरची माणसं आणायची. कुणी बायको आणतं, कुणी सासरा आणतं, एकाने तर घरमालक आणला होता. चार वर्षांपूर्वी असाच खोका भरायचा राहिला आणि मी तुमच्या बहिणीला घेऊन गेलो, आणि ती तुम्हाला घेऊन आली. तो दिवस तुम्ही विसरला असाल तर मी विसरू देणार नाही. आयुष्यभर ज्याच्या हातात सुई, त्या माणसाला दंडातून सुई बाहेर निघताना दिसली आणि तो खुर्चीवरून सरळ खाली! बरं, रक्त काढून झालं होतं, नळी भरली होती, तुम्ही पडता पडता ट्रेला हात मारलात आणि नळी फरशीवर फुटली. हनुवटीला तीन टाके पडले. शुद्धीवर येऊन आरशात बघितल्यावर तुम्ही नर्सला सुनावलंत की मधला टाका सैल आहे, उसवेल. तुमची बहीण त्यावर जी हसायला लागली ती घरी पोचेपर्यंत. नंतरही तुमचं नाव निघालं की तिचं पहिलं वाक्य तेच, मधला टाका सैल आहे. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातसुद्धा एकदा म्हणाली.

आता गोंधळ. तपासणीच्या दिवसांत कुठली नळी कुणाची हे आम्हाला कळू देत नाहीत. नळीतलं थेंब-थेंब काढून ताटासारख्या एका पट्टीवरच्या बारीक वाट्यांमध्ये घालतात, आणि वाट्यांना नवेच नंबर देतात. मी सोनं घालायचं आणि रंग लिहायचा. निरोगींचं ताट आलं, सगळ्या वाट्या लाल, आणि सातवी निळी. परत केलं, परत सातवी निळी. निळी म्हणजे शाईसारखी, शंकेला जागा नाही. मॅडमचा चेहरा उतरला. निरोगी माणूस निळा दाखवणारी तपासणी काय कामाची? उद्या धडधाकट माणसाला बोलावून कर्करोग आहे म्हणून सांगाल का? मग कळलं की या सोन्याला मिठाचं वावडं आहे. नुसतं मीठ पडलं तरी कण घाबरून एकमेकांना बिलगतात आणि निळे होतात, कर्करोग नसला तरी. म्हणजे कुठून तरी मीठ जातंय, असं ठरलं. आणि मीठ शोधायची मोहीम सुरू झाली.

दादा, तीन आठवडे आम्ही मीठ शोधत होतो. आधी खारे दाणे बंद झाले. मग वेफर्स बंद झाले. मग डबाच तळमजल्यावर खायचा, खाऊन चूळ भरायची, आणि तोंड न उघडता वर यायचं असा फतवा निघाला. फरशी पुसणाऱ्या मावशींच्या बादलीतलं पाणी तपासलं, तर मावशी चिडल्या आणि दोन दिवस फरशीच पुसली नाही. शुद्ध पाण्याच्या यंत्राच्या दुरुस्तीला माणूस बोलावला. त्याने ते पूर्ण उघडलं, पूर्ण बसवलं, आणि जाताना दोन स्क्रू उरले म्हणून टेबलावर ठेवून गेला. सोनं दोनदा नवं बनवलं. सातवी निळी ती निळीच. शेवटी सगळ्यांची नजर वळली माझ्याकडे, कारण मला घाम येतो आणि घामात मीठ असतं. मला दोन-दोन हातमोजे, मनगटाला रबर, कपाळाला टॉवेलचा पट्टा. त्या अवतारात मी रक्त काढायला गेलो तर एक आजीबाई मला बघून म्हणाल्या, आधी तू डॉक्टरला दाखव बाबा. बटण तुटलं ते याच दिवसांत, मोज्यांवर मोजे घालून कोट काढताना.

पुढच्या सोमवारी बघायला वरची माणसं येणार होती, आणि सातवी लाल झाली नाही तर तपासणीचं काम गुंडाळायचं असं ठरलं. शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, शेवटचा उपाय, मूळ नळीच काढा आणि तिच्यातून ताजं घ्या. त्यांनी कुलपातली वही उघडून सातव्या वाटीचा मूळ नंबर मला चिठ्ठीवर लिहून दिला. एकशे सतरा. नंबर वाचून मला काही म्हणजे काही वाटलं नाही. हजारो नळ्यांवर मी नंबर चिकटवले, ते कुणाला लक्षात राहतात! मी फ्रीझर उघडला, खोका बाहेर ओढला, बर्फ झटकला, आणि बघतो तर एकशे सतराची चिठ्ठी उलटी चिकटवलेली. आकडे खाली डोकं वर पाय. आणि शेजारचा खाना रिकामा, त्यात माझ्या अक्षरातला कागद: ११८, फुटली.

ती चिठ्ठी मी चिकटवलेली नव्हती, दादा. तुमच्या बहिणीने त्या दिवशी माझ्या हातातून हिसकावून घेतली होती, माझ्या नळीवर मीच चिकटवणार म्हणून. मी उलटी झाली म्हणालो, तर म्हणाली, राहू दे, तुला ओळखता येईल. आमचा फ्रीझर फार वेळ उघडा राहिला की किंचाळायला लागतो. तो किंचाळला, वरच्या मजल्यावरून माणसं धावत आली, आणि मी खोका छातीशी धरून उभा.

मी सांगितलं, मॅडम, मीठबीठ काही नाही. तपासणी बरोबर आहे. ही माझी बायको आहे. मग मी ती नळी घेऊन टेबलापाशी गेलो आणि तिथे मला रडू फुटलं. दोन वर्षांत एवढं आलं नव्हतं. आमच्याकडची सगळ्यात लहान संशोधक पोरगी, तिने तीन आठवड्यांच्या सवयीने पटकन ताट माझ्यापुढून ओढून घेतलं, डोळ्यांतल्या पाण्यात मीठ असतं म्हणून. ओढलं आणि मग तिलाच इतकी लाज वाटली की ती रडायला लागली, आणि मग ताट तिच्यापुढूनही कुणाला तरी ओढावं लागलं. कुणीतरी एकदाच टाळी वाजवली. कारण दादा, खरं तर ती आनंदाची गोष्ट होती. डॉक्टरांना जे पुढे दीड वर्षाने दिसलं, ते या सोन्याने तेव्हाच्या रक्तात बघितलं होतं. मॅडम म्हणाल्या, एका नळीने काही सिद्ध होत नाही, अजून शेकडो बघाव्या लागतील.

मग त्यांनी तिचा फॉर्म काढला, निरोगींच्या खोक्यात ती गेलीच कशी हे बघायला. फॉर्म माझ्या अक्षरात. ती गप्पा मारत होती, मी भराभर खुणा करत होतो. आपल्याच बायकोला काय विचारायचं! कावीळ झाली होती का, नाही. घरात कुणाला यकृताचा आजार होता का, नाही. आणि तुमच्या आई कशाने गेल्या, दादा? आपण सगळे काय म्हणायचो, पोटात पाणी झालं. तीस वर्षं पोटात पाणी, पोटात पाणी. ते पाणी कशाने होतं हे मी रोज दुसऱ्यांच्या कागदांवर वाचतो. माझ्या घरात ते नुसतं पाणी होतं. म्हणून मी 'नाही' वर खूण केली, आणि माझ्या हाताने तिला निरोगींच्या खोक्यात ठेवली.

तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत तुम्ही मला जे बोललात, की दिवसभर परक्यांच्या नसा चाचपतोस आणि घरातलं दुखणं दिसलं नाही, ते मी दोन वर्षं उराशी धरून बसलो होतो. फार लागलं होतं मला. आता एवढंच लिहितो की ते होतं. तिच्या रक्तात होतं, माझ्या हातातल्या नळीत होतं. तेव्हा बघणारं सोनं नव्हतं, हे खरं. पण विचारणारं तोंड तर मला होतं. तुमच्यावरचा राग गेला. तो कुठे ठेवावा ते आता कळत नाही, एवढीच अडचण.

वहिनींना नमस्कार. मांजरीला लांबूनच.

तुमचा मेहुणा,
डास

ता. क. कोटाला मोठं बटण चालेल. येताना धागा पांढराच आणा, मागच्या वेळी तुम्ही 'पांढराच आहे' म्हणून पिवळा आणला होतात.

आणखी ता. क. वर मी लिहिलं की तुमचं बोलणं मला लागलं. का लागलं ते अर्धंच लिहिलं. त्या व्हरांड्यातल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तिला हे यकृत धरणाऱ्या एका विषाणूमुळे झालंय, तो बहुतेक आईकडून जन्मताच आला असणार, चाळीस चाळीस वर्षं गप्प बसतो, तर तिच्या भावालाही लगेच तपासायला पाठवा. मी सकाळी तुम्हाला सांगणार होतो. सकाळी तुम्ही ते बोललात. मी गिळलं आणि ठरवलं की आधी हा माणूस माफी मागायला येऊ दे, मग सांगू. तुम्ही आला नाहीत. मी सांगितलं नाही. दोन वर्षं दोन महिने, दादा. आज सांगतो, उद्या सांगतो म्हणत मी रोज परक्यांच्या नसा चाचपत राहिलो. याला माफी असेल असं मला वाटत नाही आणि मी ती मागतही नाही. तुम्ही फक्त या. गुरुवारी सकाळी, उपाशीपोटी. विषाणूची साधी तपासणी आणि सोनोग्राफी डॉक्टरांकडे ठरवली आहे. विषाणू निघालाच तर आता त्यावर गोळ्या आहेत, रोज एक, सुई नाही. आणि एक नळी माझ्यासाठी. आमच्या सोन्याच्या तपासणीवर डॉक्टर अजून विसंबत नाहीत, पण मला तो रंग बघायचा आहे. बाकी सगळ्यांच्या नळ्या खोक्यात आहेत, एकशे अठराचा खाना तेवढा रिकामा आहे, आणि तुम्ही त्या दिवशी पडला नसतात तर मला आज उत्तर ठाऊक असतं. खुर्चीऐवजी पलंग सांगून ठेवला आहे. खाली गादीपण टाकली आहे.

शेवटची ता. क. बटणाचं खोटं होतं. बटण मी त्याच दिवशी लावलं, वेडंवाकडं, पण बसलं आहे. धागा आणू नका. तुमचा फॉर्म या पाकिटात घातला आहे. या वेळी मी तो भरलेला नाही, सगळे रकाने तुम्हाला विचारून, समोर बसून भरणार आहे. एकच भरला आहे. घरात कुणाला यकृताचा आजार होता का, तिथे मी 'होय' वर खूण केली आहे, आणि पुढे लिहिलं आहे: आई, बहीण. तिसरं नाव लिहायला जागा आहे. ती मला रिकामी ठेवायची आहे.